जेपीए असताना वर वेगळा डीएओ लागतो का, की रिपॉझिटरी पुरते?

तुम्ही विचारलंय की स्प्रिंग (जावाचं फ्रेमवर्क) आणि जेपीए (जावाचे ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये साठवण्याचं स्टँडर्ड) यांवरच्या वेब ॲप्लिकेशनमध्ये डीएओ (डेटाबेसशी बोलणारा वेगळा क्लास) लिहावा, रिपॉझिटरी (स्प्रिंग डेटा आयती देतं तो इंटरफेस) वापरावी, की सर्व्हिसमधून (कामाचे नियम असलेल्या क्लासमधून) थेट एंटिटी मॅनेजरच (जेपीएचा डेटाबेसशी बोलणारा ऑब्जेक्ट) वापरावा. नाव काहीही द्या, पण कमिट, म्हणजे बदल डेटाबेसमध्ये कायम करणं, कुठे होणार हे आधी ठरवा. ते सर्व्हिसच्या मेथडवरच व्हायला हवं. डीएओच्या आत कमिट करणारं डिझाइन आज ना उद्या डेटा अर्धवट सोडतं. हे मी भोगलंय.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एका ऑर्डर सिस्टिमवर काम करत होते. आमच्या लीडनी एक जेनेरिक डीएओ लिहिला होता आणि बाकीचे सगळे डीएओ तो एक्स्टेंड करायचे. त्याची प्रत्येक मेथड स्वतःचा एंटिटी मॅनेजर उघडायची, ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा एकत्रच रद्द होणारी कामं) सुरू करायची, कमिट करायची आणि बंद करून मोकळी व्हायची. ऑर्डर घेताना सर्व्हिस आधी ऑर्डर सेव्ह करायची, मग दुसऱ्या डीएओतून स्टॉक कमी करायची. ही दोन्ही कामं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये हवीत, असं मी रिव्ह्यूमध्ये लिहिलं. लीड सरांचं उत्तर आलं, "सर्व्हिसला डेटाबेस कळता कामा नये." विषय तिथेच मिटवला गेला.

मग ऑर्डरची यादी दाखवणारं पेज लेझी इनिशियलायझेशन एक्सेप्शन देऊ लागलं, म्हणजे लेझी (गरज पडल्यावरच आणायचा) डेटा सेशन बंद झाल्यावर मागितल्याची एरर. देणारच. डीएओने सेशन, म्हणजे तो एंटिटी मॅनेजर, केव्हाच बंद केलेलं, आणि पेजला ग्राहकाचं नाव हवं होतं. यावर उपाय काय केला, तर सगळ्या रिलेशन्स ईगर, म्हणजे गरज असो नसो, लगेच आणायच्या. आता २०० ऑर्डरी आणणाऱ्या एका जेपीक्यूएल (जेपीएची क्वेरी भाषा) क्वेरीमागे, ग्राहक वेगवेगळे असतील तर, आणखी २०० क्वेऱ्या. डेटाबेसच्या तयार कनेक्शनांचा पूल हिकारी या लायब्ररीचा, डिफॉल्टवर म्हणजे १० कनेक्शनचा. गर्दीच्या वेळी यादीची पेजेसच ती कनेक्शन अडवून बसायची. ऑर्डर सेव्ह होऊन कमिट व्हायची, स्टॉकचा डीएओ नवीन कनेक्शन मागायचा, ३० सेकंद वाट पाहून टाइमआउट. ऑर्डर टेबलात आहे, स्टॉक मात्र जसाच्या तसा.

कुठल्या ऑर्डरींचा स्टॉक कमी झालेला नाही हे शोधत मी आणि एक सहकारी दोन दिवस एसक्यूएल चालवत बसलो. बैठकीत कारण नोंदवलं गेलं "कनेक्शन पूल अपुरा". पूल वाढवला, यादी थोडी सुधारली, कमिट डीएओतच राहिलं. एकच ट्रान्झॅक्शन असतं तर टाइमआउटनंतर ऑर्डरही रोलबॅक (रद्द) झाली असती आणि ग्राहकाला सरळ एरर दिसली असती. मला तेच हवं होतं.

त्या जेनेरिक डीएओचं समर्थन एकच होतं, "उद्या डेटाबेस बदलला तर?" पुढे दुसऱ्या एका प्रोजेक्टवर मी ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर जाण्याचं काम केलं. तिथे अडलं ते नेटिव्ह (थेट त्या डेटाबेसच्या एसक्यूएलमधल्या) क्वेऱ्यांवर, आणि ओरॅकल रिकामी स्ट्रिंग नल मानतो, पोस्टग्रेस मानत नाही, यावर. डीएओचा इंटरफेस यातलं काहीच झाकत नाही.

डीएओ आला तेव्हा लोक हाताने जेडीबीसी (जावाचा डेटाबेसशी थेट बोलायचा एपीआय) लिहीत होते. कनेक्शन, रिझल्टसेट, क्लोज हे सगळं एका जागी कोंडणं गरजेचंच होतं. २००६ मध्ये जेपीए आलं, आणि एंटिटी मॅनेजर स्वतःच बदलांचा हिशेब ठेवून कमिटच्या वेळी लिहू लागला. त्याच्यावर आणखी एक सेव्ह-अपडेट-डिलीट गुंडाळण्यात मला काहीही अर्थ दिसत नाही. स्प्रिंग डेटाची रिपॉझिटरी घ्या, क्वेऱ्या तिथे ठेवा, ट्रान्झॅक्शनल ॲनोटेशन सर्व्हिसवर लावा. मेनी-टू-वन रिलेशन (अनेक ऑर्डरी, एक ग्राहक) डिफॉल्टने ईगर असतं, ते लेझी करा आणि लागेल तिथे जॉइन फेच (संबंधित डेटा त्याच क्वेरीत आणणं) लिहा. यादीच्या पेजला एंटिटी (टेबलाशी जोडलेला ऑब्जेक्ट) नकोच, डीटीओ प्रोजेक्शन, म्हणजे फक्त लागणारे कॉलम असलेला साधा ऑब्जेक्ट द्या. स्प्रिंग बूटमध्ये ओपन-इन-व्ह्यू (पेज तयार होईपर्यंत सेशन उघडं ठेवणं) डिफॉल्टने चालू असतं, ते बंद करा. नाहीतर पेज तयार होताना क्वेऱ्या जातात आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

काही गोष्टी राहिल्या. त्याच क्लासमधून बोलावलेल्या मेथडवरचं ट्रान्झॅक्शनल लागू होत नाही, कारण कॉल प्रॉक्सीतून (ट्रान्झॅक्शन सुरू करणाऱ्या स्प्रिंगच्या आवरणातून) जात नाही. चेक्ड एक्सेप्शनवर (जे पकडणं किंवा जाहीर करणं जावा सक्तीचं करतं) डिफॉल्टने रोलबॅक होत नाही, ते सांगावं लागतं. ट्रान्झॅक्शन चालू असताना बाहेरच्या एपीआयला कॉल करू नका, तेवढा वेळ कनेक्शन अडकतं. आणि तुम्ही जेपीए न वापरता मायबॅटिस किंवा जेडीबीसी टेम्प्लेटवर (जिथे एसक्यूएल स्वतः लिहावं लागतं) असाल तर डीएओ जरूर लिहा, तिथे तो हवाच. फक्त त्याच्या आत कमिट लिहू नका.