सोमवार ते शुक्रवार दुखणारं पोट

जूनमध्ये शाळा उघडल्या की माझ्या दादरच्या समुपदेशनाच्या खोलीत एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते. "मॅडम, सकाळी शाळेचं नाव काढलं की पोट दुखतं. दहा वाजले की पठ्ठ्या मजेत खेळतो. नाटकं, दुसरं काय?" यंदा पहिल्या पंधरवड्यातच पाच आया हेच सांगून गेल्या. म्हणून गेल्या वर्षीची एक केस सांगते. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदललेत.

मुलगा पहिलीतला, लालबागच्या एका जुन्या चाळीतला. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं होतं, सोनोग्राफीही झाली होती, सगळं नॉर्मल. (हे आधी कराच. पोटदुखीने मूल रात्री झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल, ताप, वारंवार उलट्या किंवा शौचातून रक्त असेल, तर माझी पायरी चढू नका, डॉक्टरांची चढा.) रोज सकाळी तोच प्रकार. आईला लोकल गाठायची घाई, आजी म्हणणार "राहू दे गं आज", आणि मुलगा दप्तर पाठीला लावून उंबऱ्यात बसलेला.

"नाटक नाही, त्याचं पोट खरंच दुखतंय," मी आईला म्हटलं. भीती वाटली की पचन मंदावतं, आतडी आवळतात. परीक्षेच्या सकाळी आपलं काय व्हायचं ते आठवा. सहा वर्षांच्या मुलाकडे 'मला काळजी वाटते' हे वाक्य नसतं, पोट असतं. सुट्टीच्या दिवशी दुखत नाही हा तो खोटं बोलत असल्याचा पुरावा नव्हे. भीती नक्की कधी येते, त्याची ती खूण आहे.

मग मी काय केलं? सगळे करतात तेच. शाळेत शोधलं. बाई ओरडतात का, कुणी डबा हिसकावतं का, शौचालयात जायची भीती वाटते का. वर्गशिक्षिका स्वतः भेटायला आल्या, समंजस बाई. काही हाती लागलं नाही. तीन भेटी अशाच गेल्या. इतक्या वर्षांच्या अनुभवाचा माज उतरायला तेवढ्या पुरतात.

चौथ्या भेटीत त्याने ठोकळ्यांची इमारत रचली. वेळ संपली तरी उठेना.

"मी गेलो की तू हे मोडशील."

"मोडलेलं आवडत नाही तुला?"

"समोरची चाळ पण मोडली. मी शाळेत होतो तेव्हा." ठोकळा हातात फिरवत राहिला. "आमची पण मोडणार. पप्पा फोनवर सांगतात, खोली खाली करायचीय."

माझ्या जिभेवर पुढचं वाक्य तयार होतं. ते गिळलं. या धंद्यात मी काही शिकले असेन, तर एवढंच. मिनिटभर पंख्याचा आवाज. मग तो म्हणाला, "मी शाळेतून आलो आणि घर नसलं, तर आई कुठे गेली ते मला कोण सांगणार?"

शाळेचा काही संबंधच नव्हता. त्याची भीती पुढे नव्हती, पाठीमागे होती. आई-मुलाच्या नात्याचा अभ्यास करणाऱ्या जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांनी कधीच सांगून ठेवलंय की मूल लांब जाऊ शकतं ते मागे आधार जागेवर आहे या भरवशावर. माझा सगळा भर त्यांच्याच विचारावर आहे, हे लपवत नाही. तरी मी तीन आठवडे शाळेच्या फाटकापाशीच घुटमळत होते.

आई म्हणाली, "आम्ही त्याच्यासमोर बोलतच नाही हो."

"दहा बाय बाराच्या खोलीत समोर आणि मागे असं काही असतं का?"

ती हसली, मग रडली.

"काही होणार नाही रे" असं त्याला सांगू नका, हे मी बजावलं. कारण होणार होतंच, आणि मुलांना ते कळतं. खरं सांगायचं, पण त्याला पेलेल एवढं. कालनिर्णयवर घर बदलायच्या दिवसाभोवती गोल केला. रविवारी भाड्याची नवी जागा दाखवून आणली. शाळा सुटल्यावर घ्यायला कोण येणार, हे रोज सकाळी एका वाक्यात. निरोप छोटा, रोज तसाच, आणि मूल रमलंय म्हणून नजर चुकवून पळणं बंद. पळून जाणारी आई उद्याची भीती दुप्पट करते. पोट दुखतंय हे मान्य करायचं, पण शाळा बुडवायची नाही. घरी राहिलं की सुटका होते, म्हणून दुसऱ्या दिवशी उंबरा आणखी उंच होतो. आजीला हे पटवणं सगळ्यात अवघड गेलं.

बाईंनी त्याला वह्या वाटायचं काम दिलं. वडिलांनी जुन्या कुलपाची किल्ली दिली, ती कंपासपेटीत. किल्लीची कल्पना माझी नव्हे, त्यांचीच, आणि माझ्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा सरस होती.

झोपेकडेही बघा. या वयात नऊ ते बारा तास लागतात. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला तो झोपेसाठीच. पण मूल बाराला झोपत असेल तर नऊची शाळाही पहाटेचीच. आणि आईबाबा, तुम्ही स्वतःच पिचला असाल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

सहा आठवड्यांनी पोट शांत झालं. गणपतीच्या सुट्टीनंतर दोन दिवस पुन्हा दुखलं. लांब सुट्टीनंतर असं होतंच; या वेळी कुणी घाबरलं नाही.

दिवाळीनंतर ते नव्या जागी गेले. परवा आईचा फोन आला. मला वाटलं, पुन्हा पोट. तर तक्रार वेगळीच: "लिफ्टचं बटण वॉचमन त्याला दाबू देत नाही, मॅडम, म्हणून रुसून बसतो."