रिव्ह्यूतले तारे नंतर मोजा, आधी ग्रीनची तारीख विचारा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. चार मित्र, हँडिकॅप (खेळाडूला मिळणारे सवलतीचे स्ट्रोक, म्हणजे फटके; जितके जास्त तितका खेळ कच्चा) अठरा ते सव्वीस, सगळ्यांनी पैसे बाजूला टाकून एका नावाजलेल्या चॅम्पियनशिप गोल्फ कोर्सवर खेळायचं ठरवलंय. रिव्ह्यू वाचून मात्र डोकं भणभणलंय, कारण निम्मे लोक "जन्मात एकदा तरी खेळाच" म्हणतात आणि निम्मे "पैसे पाण्यात". ऐकायचं कोणाचं, हा तुमचा प्रश्न. अगदी ह्याच घोळातून मी गेलोय, म्हणून लांबलचक लिहितोय. वेळ नसेल तर फक्त एरेशनचा (ग्रीनला, म्हणजे होलच्या खळगीभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताला, भोकं पाडण्याचा) भाग वाचा.

ड्रेस कोड, वेळेआधी पोहोचणं, रेंजवर (सरावाच्या मैदानात) चार बॉल मारून घेणं हे सांगत बसत नाही. आणि आधीच स्पष्ट करतो, मी प्रो नाही. सगळं जुळून आलं तर नव्वद स्ट्रोकच्या आत खेळ संपवणारा माणूस आहे. एक आकडी हँडिकॅपवाल्यांना माझी मतं पटणार नाहीत, चालेल.

माझ्या मते रिव्ह्यू लिहिणाऱ्यांपैकी फारसं कोणी खोटं बोलत नाही. नाव एकच असलं तरी प्रत्येक जण वेगळ्याच कोर्सवर खेळून आलेला असतो. कोणत्या टीवरून (होलचा पहिला फटका मारायच्या जागेवरून) खेळलात, कोणत्या आठवड्यात गेलात आणि पुढच्या ग्रुपमागे किती ताटकळलात, ह्या तीन गोष्टी बदलल्या की मत बदलतं. रिव्ह्यूत नेमकं हेच कोणी लिहीत नाही. "अप्रतिम अनुभव" किंवा "घोर निराशा" एवढंच लिहून मोकळे होतात.

टीचं आधी उरकतो. स्कोअरकार्डावर प्रत्येक टीसमोर कोर्स रेटिंग (तरबेज खेळाडूला लागतील तेवढे स्ट्रोक) आणि स्लोप (साध्या खेळाडूला ती टी त्याच्यापेक्षा किती जड जाते) हे दोन आकडे असतात. स्लोप ५५ ते १५५ मध्ये असतो, ११३ म्हणजे प्रमाण. तुमचा इंडेक्स (म्हणजे मूळ हँडिकॅप) गुणिले स्लोप भागिले ११३, त्यात कोर्स रेटिंग वजा पार (ठरवलेले प्रमाण स्ट्रोक) मिळवायचं, की त्या टीवरचा तुमचा कोर्स हँडिकॅप निघतो. समजा इंडेक्स १८ आहे आणि पार ७२. मागच्या टीवर रेटिंग ७५.५ आणि स्लोप १४२ असेल तर हिशेब २६ वर जातो. पुढच्या टीवर ७०.२ आणि १२५ असेल तर १८ वर थांबतो. एकाच दिवशी, एकाच कोर्सवर, आठ स्ट्रोकचा फरक! तुमच्या ग्रुपमधल्या सव्वीसवाल्याचं मागच्या टीवर काय होईल ते तुम्हीच मांडून बघा.

रेटिंग करताना जो पुरुष 'बोगी गोल्फर' (सर्वसाधारण हौशी खेळाडू) धरतात त्याचा टी शॉट साधारण २०० यार्डांचा आणि दोन शॉटमध्ये पोहोच ३७० यार्डांची मानलेली असते. मागच्या टीवरून पार चारची होल्स साडेचारशे यार्डांच्या घरात जातात. म्हणजे दिवसभर प्रत्येक ग्रीनवर तिसरा शॉट आणि तोही बंकर (वाळूचा खड्डा) ओलांडून उचलून मारायचा. "कोर्स अन्यायकारक आहे" असं लिहिणाऱ्यांतले बरेच जण तिथूनच खेळलेले असतात, कारण टीव्हीवरचे खेळाडू तिथून मारतात! यूएसजीए (अमेरिकेची गोल्फ संघटना) आणि अमेरिकेच्या पीजीएने (व्यावसायिक गोल्फरांची संघटना) २०११ मध्ये 'टी इट फॉरवर्ड' (पुढच्या टीवरून खेळा) मोहीम काढली ती ह्याचसाठी. न्यूयॉर्कमधल्या बेथपेज ब्लॅकवर पहिल्या टीजवळ पाटीच लावलेली आहे की कोर्स अत्यंत अवघड आहे, फक्त अतिशय कुशल खेळाडूंनीच खेळावा. तो सरकारी मालकीचा, सर्वांना खुला कोर्स आहे, तिथे यूएस ओपनही झाल्यात. एवढं तोंडावर सांगणारी पाटी बाकीच्यांनीही लावायला हवी. महागड्या ठिकाणी उलट असतं, स्टार्टर (ग्रुप खेळायला सोडणारा माणूस) गोड हसून "तुमच्या सोयीने" म्हणतो.

आता एरेशन. माझं सगळ्यात जास्त नुकसान इथे झालं, म्हणून रागावून लिहिलंय असं वाटलं तर वाटू दे.

ग्रीनवर रोज शेकडो पावलं पडतात, खालची माती घट्ट होते, मुळांना हवा-पाणी पोहोचत नाही, मेलेल्या काड्यांचा थर साचतो. त्यावर उपाय म्हणून मशिनने सगळ्या ग्रीनला जवळजवळ भोकं पाडतात, मातीच्या गुंडाळ्या उपसून काढतात आणि वर वाळू पसरतात. गवताला हे लागतंच. जिथे हे टाळतात तिथली ग्रीन्स हळूहळू खराब होतात, तेव्हा मैदान सांभाळणाऱ्यांवर माझा राग नाही. पण भोकं पुरती भरून यायला, गवत जोमात वाढत असेल तरीही, दोनेक आठवडे सहज जातात. तेवढे दिवस बॉल टुणटुण उड्या मारत जातो, गवत मुद्दाम उंच ठेवलेलं असतं, पट (ग्रीनवर बॉल घरंगळवत मारलेला फटका) मध्येच दम तोडतो. आणि हे करायची वेळ गवत ठरवतं. थंड हवेतल्या बेंटग्रासला वसंत आणि शरदाची सुरुवात मानवते, बर्म्युडा गवताला भर उन्हाळा. म्हणजे बऱ्याच ठिकाणी पाहुण्यांची गर्दी असते त्याच सुमाराला.

मी गेलो तो कोर्स ग्रीनसाठीच नावाजलेला. नाव लिहिणार नाही, कृपया व्यक्तिगत मेसेज करून विचारू नका. बुकिंग कित्येक महिने आधी, पैसे पूर्ण आगाऊ, परतावा नाही. जाण्याच्या थोडे दिवस आधी मी बुकिंग ऑफिसला लेखी विचारलं होतं की ग्रीन्सवर काही काम ठरलंय का. उत्तर आलं, "कोर्स नेहमीप्रमाणे उत्कृष्ट स्थितीत असून आम्ही आपल्या स्वागतास उत्सुक आहोत." पोहोचलो तर पटिंग ग्रीनवर वाळूच वाळू. आदल्याच दिवशी मशिन फिरलं होतं. अठराच्या अठरा ग्रीन्सवर.

काउंटरवरची व्यक्ती म्हणाली, मैदान विभाग आम्हाला कळवत नाही. मी मान वळवली तर तिच्याच पाठीमागे सभासदांच्या फलकावर एरेशनच्या तारखा छापून लावलेल्या! सभासदांना कधीच कळवलं होतं आणि ते शहाणे त्या आठवड्यात फिरकलेच नव्हते. पूर्ण दर भरणारे होतो फक्त आम्ही पाहुणे. दर कमी करा म्हटलं तर "बुकिंग ऑफिसशी बोला". बुकिंग ऑफिस म्हणालं "कोर्सशी बोला". व्यवस्थापक मीटिंगमध्ये होते, आम्ही खेळायला गेलो तेव्हाही आणि परत आलो तेव्हाही. शेवटी प्रो शॉपमधल्या टोप्यांवर सवलत मिळाली. टोपी मी घेतली नाही. नंतर ईमेलची टोलवाटोलवी बरेच आठवडे चालली. मध्येच एक आपोआप आलेला फॉर्म, "तुमचा अनुभव १ ते १० मध्ये सांगा". माझ्या तक्रारीला उत्तर आलंच नाही, पण फॉर्म भरला नाही म्हणून आठवण मात्र दोनदा आली.

मी एक तारा दिला. त्याच महिन्याच्या अखेरीस कोणीतरी पाच तारे देऊन लिहिलं की इतकी गुळगुळीत ग्रीन्स कुठे पाहिली नाहीत. तेही खरंच असणार, तोवर भोकं भरली होती. तुम्ही दोन्ही रिव्ह्यू शेजारी शेजारी वाचलेत तर एक जण वेडा आहे असंच वाटेल.

म्हणून "कोर्स कसा आहे" हा प्रश्न बुकिंगवाल्यांना विचारूच नका. पैसे भरण्याआधी तीन प्रश्न लेखी पाठवा. ग्रीन्सचं एरेशन कोणत्या तारखांना आहे? आमच्या तारखेच्या आसपास फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) नवीन बी पेरणी आहे का? कार्ट फेअरवेवर नेता येईल की फक्त कडेच्या रस्त्यावरून? गोलमोल उत्तर आलं तर फोन करा आणि थेट सुपरिंटेंडंटच्या (मैदान सांभाळणाऱ्या प्रमुखाच्या) ऑफिसला जोडून द्या म्हणा. ती माणसं सहसा सरळ बोलतात, त्यांना काही विकायचं नसतं. काही कोर्स एरेशननंतर दर उतरवतात, पण न विचारता सांगतीलच असं नाही. आणि रिव्ह्यू वाचताना तारे सोडून महिना बघा. तुम्ही जाणार त्याच महिन्यातले, मागच्या दोन-तीन वर्षांतले तेवढेच वाचा.

मोसमाचा फरक फक्त ग्रीनपुरता नसतो, बरं का. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स घ्या. हिवाळ्यात तिथे फेअरवेवरचा बॉल छोट्या चटईवर ठेवून मारावा लागतो, आणि रविवारी कोर्स एरवी बंदच, गावातले लोक तिथे कुत्री फिरवतात. हे न वाचता जाणारा माणूस परत येऊन काय लिहील, सांगायला नको.

ग्रीनच्या वेगाबद्दलही लोक उगाच भांडतात. वेग मोजायची स्टिम्पमीटर म्हणजे ३६ इंचांची खाच पाडलेली पट्टी, त्यावरून सोडलेला बॉल सपाटीवर किती फूट जातो ते बघायचं. १९३५ ची अमेरिकेतल्या ओकमाँट कोर्सवरची यूएस ओपन पाहून एडवर्ड स्टिम्पसन यांना ती सुचली. रोजच्या साध्या कोर्सवर आकडा आठ-नऊच्या आसपास असतो, मोठ्या स्पर्धेत बाराच्या पुढे. नऊची सवय असलेल्या माणसाला बाराच्या उतारावर सोडलं की एकेका ग्रीनवर तीन-तीन, चार-चार पट मारावे लागणारच. ह्याला "ग्रीन्स हास्यास्पद आहेत" म्हणणं मला पटत नाही. वेगवान ग्रीन्ससाठीच तर तुम्ही जाताय! पहिल्या टीवर जाण्याआधी अर्धा तास फक्त लांबचे पट मारा, होलकडे बघूही नका.

वेळेच्या तक्रारी मात्र मी गंभीरपणे घेतो. दर आठ मिनिटांनी ग्रुप सोडले तर तासाला साडेसात ग्रुप जातात, दहा मिनिटांनी सोडले तर सहा. ज्यादा ग्रुपचे पैसे कोर्सला मिळतात आणि पहिल्या पार तीनच्या होलवर रांग आपल्याला. बुकिंग करतानाच दोन ग्रुपमधलं अंतर विचारून घ्या. दहापेक्षा कमी असेल आणि सकाळची पहिली एखादी वेळ मिळत नसेल तर मी जाणार नाही. हे माझं मत झालं. काही जण त्या रांगेत उभं राहून फोटो काढतात आणि खूश असतात.

कोणत्या पद्धतीने खेळायचं ह्यावरही दिवस अवलंबून असतो. स्ट्रोक प्ले (सगळे स्ट्रोक मोजायची पद्धत) खेळू नका, एका तळ्यात चार बॉल गेले की तिथेच दिवसाची माती होते. स्टेबलफोर्ड खेळा, त्यात प्रत्येक होलचे गुण मोजतात. डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांच्या ह्या पद्धतीची १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या वॉलसीला पहिली स्पर्धा झाली आणि ती आपल्यासारख्यांसाठीच आहे. गुण मिळणार नाही असं दिसलं की बॉल उचलायचा आणि पुढच्या होलकडे चालायचं. अमेरिकेतल्या सॉग्रास कोर्सच्या सतराव्या होलसारखं, पाण्याने वेढलेलं ग्रीन असलं तरी जास्तीत जास्त एका होलचं नुकसान. ग्रुपचा वेग टिकतो, मागचे शिव्या देत नाहीत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, चौघांनी मिळून फोरकॅडी (पुढे उभा राहून बॉल बघणारा मदतनीस) घ्यावा की तेवढे पैसे वाचवावेत. पर्याय असेल तर घ्या. २०१९ पासून बॉल शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात. अठरा ते सव्वीस हँडिकॅपचे चार जण आणि घोट्यापर्यंतचं रफ (फेअरवेबाहेरचं वाढलेलं गवत), म्हणजे पुढे उभं राहून बॉल कुठे पडला ते बघणारा माणूस लागणारच. फक्त पहिल्याच होलवर त्याला खरे हँडिकॅप सांगा आणि कुठल्या टीवरून खेळू ते त्यालाच विचारा. तो जी टी दाखवेल तिथूनच खेळा, भले ती तुमच्या अपेक्षेपेक्षा दोन रंग पुढे असली तरी.

टीप: एरेशनच्या तारखांबद्दल कोर्सचं उत्तर आलं की तुमच्या पोस्टखालीच टाका, गवताचा प्रकारही विचारून घ्या. तारीख धोक्याची वाटली तर मी सांगेन.