जीपमधलं पेट्रोल

प्रिय लेखिके,

(या संबोधनाने तू अवघडतेस, माहीत आहे. तीनशे ऐंशी पानं लिहून झाल्यावर आता अवघडून कसं चालेल?)

तुझ्या प्रलयानंतरच्या कादंबरीचं हस्तलिखित दोनदा वाचलं. पहिल्यांदा एका रात्रीत, नुसता वाचक होऊन. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, त्याला आठवडा लागला. कोरड्या पडलेल्या धरणाच्या भिंतीवरची ती वस्ती, घंटा वाजवून वेळ सांगणारी मुलगी आणि पवनचक्की दुरुस्त करणारा तिरसट म्हातारा अजून डोक्यातून जात नाहीत. भाषेबद्दल मी काही बोलत नाही, ती तुझ्याकडे आहे. मला बोलायचंय ते पान 112 वरच्या जीपबद्दल.

प्रलयाला अकरा वर्षं झाली, हे तूच पान 9 वर सांगितलंस. आणि 112 वर तुझे लुटारू धुरळा उडवत जीपमधून येतात. पेट्रोल कुठलं? साठवलेलं पेट्रोल काही महिन्यांतच उतरायला लागतं. त्यातले हलके घटक उडून जातात आणि मागे चिकट राळ उरते. डबा घट्ट बंद असेल, त्यात टिकवण्याचं रसायन घातलं असेल, तर आणखी थोडे दिवस निघतील. अकरा वर्षं नाही. डिझेल जरा तग धरतं, पण त्यात पाणी शिरलं की जंतू वाढतात आणि फिल्टर तुंबतात. एवढं कोण बघतंय, असं तुला वाटेल. अगं, बघतात! प्रलयानंतरच्या कथा वाचणारा माणूस वाण्यासारखा हिशोबी असतो. काडेपेट्या किती उरल्या, हे तो तुझ्या नायिकेच्या आधी मोजतो.

हे मी ठेच खाऊन शिकलो. माझ्या मालिकेच्या पहिल्या भागात मी एका बाईला मधुमेह दिला होता, रोज इन्शुलिन टोचून घ्यावं लागतं असा. वाचकाचा जीव तुटावा म्हणून, दुसरं कारण नाही. मग मी तिचं दुखणं विसरलो. तिसऱ्या भागात, सहा वर्षांनंतर, ती ठणठणीत उभी राहून विहीर खणत होती. इन्शुलिन फ्रीजबाहेर साधारण महिनाभर टिकतं, आणि फ्रीजमध्ये ठेवलं तरी त्याला मुदत असतेच. एका वाचकाचं पत्र आलं. तो स्वतः रोज टोचून घेणारा. तिला ते कुठून मिळालं हे मलाही कळवा, अशा अर्थाच्या दोनच ओळी होत्या. चिडून लिहिलेल्या नव्हत्या, म्हणून जास्त लागल्या. ई-बुकची फाइल मी दुसऱ्याच दिवशी बदलली. पण ज्यांनी वाचून ठेवलं होतं त्यांच्या डोक्यातली फाइल कशी बदलणार?

तर एक वही कर. पात्रांचे स्वभाव, त्यांचं बालपण वगैरे तिच्यात नको, ते तुला पाठ आहे. वहीत फक्त जमाखर्च. डाव्या पानावर प्रलयानंतरचा दिवस किंवा वर्ष, उजव्या पानावर त्या दिवशी काय संपलं, काय बंद पडलं, कोणाचं वय किती. वीज गेल्यावर नळ किती दिवस चालले? टाकी भरलेली होती तोवर. मग? बियाणं संकरित होतं का? असेल तर पुढच्या वर्षी त्याचंच बी पेरून पहिल्यासारखं एकसारखं पीक येत नाही. वस्तीला ते कळतं तेव्हा पेरणी होऊन गेलेली असते. बघ, एक अख्खं प्रकरण फुकटात मिळालं. टंचाईचा हिशोब नीट ठेवला की कथानक शोधत हिंडावं लागत नाही, हा माझा अनुभव.

आता पान 203. दूरवरचं अणुऊर्जा केंद्र माणसांशिवाय अकरा वर्षं ‘शांतपणे गुणगुणतंय’. वाक्य सुंदर आहे. काढून टाक. अणुभट्टी बंद केली तरी ती तापतच राहते. बंद होताक्षणी मूळ औष्णिक क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता तिच्यात तयार होत असते, ती हळूहळू कमी होते, आणि तोवर पाणी फिरवत राहावं लागतं. फुकुशिमात 2011 साली नेमकं हेच झालं. भूकंप होताच चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या, नंतर त्सुनामीच्या पाण्याने आपत्कालीन जनरेटर बुडवले, पाणी फिरायचं थांबलं आणि तीन भट्ट्यांचा गाभा वितळला. तेव्हा तुझं केंद्र गुणगुणणार नाही. तिथे कोणीतरी थांबलं असेल, किंवा थांबलं नसेल. दोन्हींत तुझ्या गुणगुणण्यापेक्षा मोठी गोष्ट आहे.

थांबणाऱ्यांवरून आठवलं. चेर्नोबिलची चौथी भट्टी 1986 मध्ये फुटली हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच इमारतीला लागून असलेली तिसरी भट्टी डिसेंबर 2000 पर्यंत वीज देत होती, हे फार कमी लोकांना माहीत असतं. शेजारचं प्रिप्यात शहर ओस पडलं, रस्त्यांतून झाडं उगवली, आणि तिथून जवळच माणसं वर्षानुवर्षं कामाच्या पाळीला येत होती, हजेरी लावत होती, भिंतीपलीकडे त्या फुटलेल्या भट्टीचं थडगं असताना. मला ओस शहरापेक्षा त्या हजेरीपटाचं जास्त भय वाटतं. तुझ्या कादंबरीत उद्ध्वस्त इमारती भरपूर आहेत. पाळीवर जाणारा माणूस एकच आहे, तो म्हातारा. म्हणूनच तो लक्षात राहतो.

आता प्रकाशनाचं. पुढच्या महिन्यात हा पहिला भाग स्वतःच प्रसिद्ध करून टाकायचा आणि वाचकांचा प्रतिसाद बघून दुसरा लिहायचा, असं तुझं म्हणणं. त्यासाठी तू ह्यू हॉवी या अमेरिकन लेखकाचा दाखला दिलास. दाखला खरा आहे. त्याने 2011 मध्ये ‘वूल’ ही एकच छोटी कथा स्वतः प्रकाशित केली, वाचकांनी पुढे काय झालं विचारलं म्हणून पुढचे भाग लिहिले, आणि नंतर मोठ्या प्रकाशकाला फक्त छापील आवृत्तीचे हक्क देऊन ई-बुकचे स्वतःकडे ठेवले. पण ती पहिली कथा आपल्यापुरती पुरी होती. तुझा पहिला भाग दार उघडतं तिथेच तुटतो. दारापलीकडे काय आहे हे तुलाही माहीत नाही, फोनवर तूच कबूल केलंस. मग वाचकाकडून त्याचे पैसे कसले घ्यायचे?

तेव्हा एकतर पहिला भाग आपल्यापुरता पुरा कर, किंवा तिसऱ्या भागाचा कच्चा खर्डा होईपर्यंत काहीही प्रसिद्ध करू नकोस. मी दुसरा मार्ग निवडला असता. वर्ष-दीड वर्ष जाईल. स्वतःच प्रकाशक असण्याचा खरा फायदा हाच की तुझ्या मानेवर कोणाची तारीख नसते, आणि तू मात्र स्वतःच स्वतःला तारीख देऊन बसली आहेस.

पैशाच्या अंगानेही हेच बरं. अमेझॉनच्या केडीपीवर, म्हणजे लेखकाला स्वतः पुस्तक प्रकाशित करता येतं त्या सेवेवर, अमेरिकी बाजारात 2.99 ते 9.99 डॉलर किमतीच्या ई-बुकवर 70 टक्के रॉयल्टी निवडता येते, त्याखाली 35 टक्के. पहिला भाग 99 सेंटला ठेवलास तर हातात पस्तीसेक सेंट पडतील. ती किंमत म्हणजे आमंत्रणपत्रिका. मिळकत व्हायची ती पुढच्या भागांवर, आणि ते तयारच नसतील तर आलेला पाहुणा जेवणाविना परत जातो. केडीपी सिलेक्ट या त्यांच्याच योजनेचा 90 दिवसांचा करार केलास तर तेवढे दिवस ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, हे सही करण्याआधी वाच.

मुखपृष्ठ स्वतः करू नकोस. मुद्रितशोधन तर अजिबात नको, आपल्या चुका आपल्याला दिसत नाहीत. सगळ्या भागांची मुखपृष्ठं एकाच हातची असू देत. बाकी अक्षरजुळणी वगैरे तू शिकशील, त्यात काही विशेष नाही.

शेवटचं प्रकरण मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. पान 340 वर तू म्हाताऱ्याला मारलंस. रडलो, खोटं कशाला बोलू. पण नंतर वही नसताना जमेल तसा हिशोब केला: वस्तीत पवनचक्की दुरुस्त करता येणारा तो एकटा, त्याने कोणाला शिकवलेलं नाही, आणि घंटेवाली मुलगी अजून बारा वर्षांची. दुसऱ्या भागात पवनचक्कीचा पंप कोण चालवणार? याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर त्याला खुशाल मरू दे. नसेल तर त्याला खोकत का होईना, पण जिवंत ठेव.

दुरुस्त केलेलं हस्तलिखित इतक्यात पाठवू नकोस. आधी वही पाठव. आणि जीपचं काय ठरलं ते कळव. माझ्या मते लुटारू बैलगाडीतून आले तर जास्त भीती वाटेल, ते येताना तासभर आधीपासून दिसतील.

तुझा,
पेन्सिलवाला