अर्धांगवायूनंतरची मोडकी झोप आणि उदासी

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. आता ते काठी घेऊन चालतात. परंतु पहाटे तीनला जाग आली की पुन्हा त्यांचा डोळ्याला डोळा लागत नाही. दिवसभर ते खुर्चीत पेंगतात, कोणाशी बोलत नाहीत, फिजिओथेरपीही टाळतात. वयोमानाने झोप कमी होतेच, तेव्हा झोपेची गोळी द्यावी, असे घरचे म्हणतात. काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : स्वतःच्या मनाने गोळी मुळीच देऊ नका. तुम्ही लिहिलेली लक्षणे निव्वळ वयाची वाटत नाहीत. अर्धांगवायूनंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते आणि पहाटे लवकर जाग येऊन मन काळवंडून जाणे ही त्याची ओळखीची खूण आहे. झोप मोडली की नैराश्य बळावते, नैराश्याने झोप आणखी मोडते. म्हणून दोन्हींची तपासणी एकत्र व्हायला हवी.

आधी एक गोष्ट करा. रात्री त्यांच्या उशाशी थोडा वेळ बसून घोरणे ऐका. घोरता घोरता श्वास काही सेकंद थांबतो आणि मग ते दचकून, धाप लागल्यासारखा श्वास घेतात का, हे पाहून त्याचा व्हिडिओ काढून ठेवा. झोपेत असा श्वास थांबणे, म्हणजे झोपेतील श्वासरोध, अर्धांगवायूच्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांत आढळतो; दिवसाचे पेंगणे आणि निरुत्साह त्यामुळेही असू शकतो. अशा वेळी काही झोपेच्या गोळ्यांनी श्वास अधिकच अडखळतो, शिवाय रात्री लघवीला उठताना तोल जाण्याची भीती असतेच.

हा व्हिडिओ आणि सर्व औषधांची यादी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा, मनोविकारतज्ज्ञांचा सल्लाही घ्या. नैराश्यावरील औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर ते अवश्य सांगा, कारण नैराश्यावरील काही औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ही औषधे सरसकट देण्याजोगी नाहीत : ब्रिटनमधील ३,१२७ रुग्णांवरील 'फोकस' चाचणीत (२०१८) फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरील औषधामुळे नव्याने नैराश्य येण्याचे प्रमाण घटले, पण हाडे मोडण्याचे वाढले आणि हालचालींतील परावलंबन काही कमी झाले नाही.

तोवर सकाळी त्यांना उन्हात बसवा, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा आणि फिजिओथेरपीची वेळ त्यांनाच ठरवू द्या. 'आता जगून काय करायचे' असे शब्द कानी आले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो.