शिकवायचं कधी? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. यंदा बीएलओ (मतदार यादीचं काम पाहणारा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून माझं नाव आलं आहे. शाळेच्या वेळेतही घरोघरी फिरा, असा तोंडी निरोप येतो. नाही म्हणता येईल का? (शिक्षिका, जि. यवतमाळ)

काम नाकारता येत नाही. वेळेबद्दल मात्र बोलता येतं आणि बोलायलाच हवं.

शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) कलम 27 ने शिक्षकांना बिगर-शैक्षणिक कामाला लावण्यास मनाई केली आहे. त्यातून तीन कामं वगळली आहेत : दशवार्षिक जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ व संसदेच्या निवडणुकांची कामं. मतदार यादी या तिसऱ्या कामात धरली जाते. शिवाय लोकप्रतिनिधित्व कायदा 1950 च्या कलम 32 नुसार यादीच्या कामात वाजवी कारणाशिवाय कसूर केल्यास किमान तीन महिन्यांच्या कैदेची तरतूद आहे. त्यामुळे फोनवर रागाने ‘जमणार नाही’ म्हणू नका.

तुमच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2007 चा निकाल आहे. शिक्षकांना याद्यांचं आणि निवडणुकीचं काम सुटीच्या किंवा न शिकवण्याच्या दिवशी द्यावं, शिकवण्याच्या वेळेत सामान्यतः देऊ नये, असं त्यात म्हटलं आहे. ‘सामान्यतः’ या शब्दाचा आधार घेऊनच तोंडी निरोप सुटतात. म्हणून आधी आदेश क्रमांक आणि यादीचा भाग क्रमांक असलेला लेखी आदेश मागा. मग मुख्याध्यापकांमार्फत मतदार नोंदणी अधिकाऱ्यांना अर्ज द्या आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा. अर्जात वर्ग, पट, शाळेतल्या शिक्षकांची संख्या आणि तुम्ही कोणत्या वेळी काम कराल हे लिहा. ‘मला वेळ नाही’ एवढ्यावर थांबलेला अर्ज फाइलला लागतो, ‘संध्याकाळी साडेपाचनंतर आणि रविवारी फिरेन’ असं लिहिलेल्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं. तसंही कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी घरी माणूस सापडत नाही, हे अर्जात जरूर घाला. शाळेच्या वेळेत जावंच लागलं तर हालचाल रजिस्टरमध्ये वेळ आणि आदेश क्रमांकासह नोंद करा.

फेऱ्या वाढतात त्या चुकीच्या नमुन्यांमुळे. नमुना 6 फक्त नव्या मतदारासाठी आहे. घर बदललं, नावात किंवा जन्मतारखेत दुरुस्ती आहे, तर नमुना 8. घर बदललेल्याकडून 6 भरून घेतला की नाव दोन ठिकाणी येतं आणि ते काढायला नमुना 7 घेऊन पुन्हा त्याच दारात जावं लागतं. निवडणूक आयोगाने 2025 मध्ये बीएलओचं किमान वार्षिक मानधन 12,000 रुपये केलं आहे, तेव्हा जुन्या दराने हिशेब आला तर विचारा.

प्रश्न : द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, प्रभारी मुख्याध्यापक मीच. रोज ग्रुपवर ‘अतितात्काळ’ माहिती मागतात. तीच माहिती, तक्ता मात्र दरवेळी वेगळा. (शिक्षक, जि. नंदुरबार)

खरा वेळ इथेच जातो, निवडणुकीत नव्हे. 23 ऑगस्ट 2024 च्या शासन निर्णयाने शिक्षकांची कामं अनिवार्य, शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी विभागली, पण विद्यार्थ्यांची माहिती भरणं त्यामुळे टळत नाही. मग ती एकदाच भरायची सोय करा.

जूनमध्येच एक तक्ता बनवा. त्यात जनरल रजिस्टर क्रमांक, आधारवर आहे तसंच नाव, आईचं नाव, जन्मतारीख, लिंग, प्रवर्ग, आधार, पेन क्रमांक (विद्यार्थ्याचा कायम शिक्षण क्रमांक), अपार (विद्यार्थी ओळख क्रमांक), बँक खातं आणि पालकांचा मोबाइल हे स्तंभ ठेवा. आधार, पेन आणि खातं यांचे स्तंभ आधीच ‘टेक्स्ट’ करून घ्या. नाहीतर खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं उडतात आणि लांब आकडे विचित्र दिसू लागतात. कोणीही माहिती मागितली की स्तंभ उचलायचे आणि पाठवायचे.

हा तक्ता 30 सप्टेंबरच्या आत पक्का हवा, कारण यू-डायसची (शाळांच्या माहितीची सरकारी ऑनलाइन नोंद) आणि संचमान्यतेची (पटावरून शिक्षकांची पदं ठरवणं) संदर्भ तारीख तीच. घोटाळा बहुतेक वेळा नावात असतो : रजिस्टरमध्ये पूर्ण नाव आणि आधारवर वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर, किंवा जन्मतारखेच्या जागी नुसतं वर्ष. अशा वेळी रजिस्टरमध्ये खाडाखोड करू नका, तो अधिकार मुख्याध्यापकाला स्वतःहून नाही. रजिस्टर बरोबर असेल तर जन्मदाखला देऊन पालकांना आधार केंद्रावर पाठवा. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे अद्ययावत करावे लागतात, म्हणजे पहिलीच्या मुलांचं तेही काम त्याच फेरीत उरकेल. बाहेरून आलेलं मूल यू-डायसवर दिसत नसेल तर जुन्या शाळेने त्याला ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये (शाळा सोडलेल्या मुलांची ऑनलाइन यादी) टाकलेलं नसतं. दाखला मागतानाच हे सांगून ठेवा. ऊसतोडीसाठी किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांच्या मुलांबाबत तर हमखास.

प्रश्न : पोषण आहाराचं वजन-माप, वाढणं, भांडी, सगळं माझ्याच गळ्यात आहे. पट 46, चौथीपर्यंत. (शिक्षक, जि. बीड)

46 पटाला दोन मदतनीस मिळतात (25 पर्यंत एक, 26 ते 100 पर्यंत दोन). शिजवणं, वाढणं आणि भांडी हे त्यांचं काम. एकीवरच भागवत असाल तर दुसरीची मागणी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने करा.

तुमच्याकडे राहतं ते चव घेणं, रोजची हजेरी भरणं आणि साठा नोंदवही. प्राथमिकला प्रत्येकी 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. म्हणजे 46 जण हजर असतील तर 4.6 किलो तांदूळ, 920 ग्रॅम डाळ, 2.3 किलो भाजी, 230 ग्रॅम तेल. 20 पासून 46 पर्यंतचा तक्ता करून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा, म्हणजे रोज वर्ग सोडून मोजायला जायला नको. तपासणीत साठा जुळत नाही तो दोन कारणांनी : हजेरीऐवजी पट लिहिला जातो, आणि माल उतरताना गोणी न तोलता पावतीवरचा आकडा चढवला जातो.

प्रश्न : आमचे सर महिन्यात कितीतरी दिवस तालुक्याला असतात. पालकांनी काय करावं? (पालक, जि. रत्नागिरी)

सरांशी भांडू नका, ते आदेशानेच जातात. शिक्षकांवर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 बाहेरचा बोजा पडत नाही ना, हे पाहणं या कायद्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांत शाळा व्यवस्थापन समितीकडेच दिलं आहे, आणि समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. हालचाल रजिस्टरमधून दोन महिन्यांच्या तारखा आणि कामं काढा. तीन वगळलेल्या कामांखेरीज जे उरेल त्याचा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन कायद्याने ठरलेलं आहे. ठरावात किती तास बुडाले हे लिहा, ‘शिक्षणाचे नुकसान होत आहे’ हे वाक्य त्यांनी खूप वाचलेलं असतं.

प्रश्न : उन्हाळी सुटीत जनगणनेचं काम केलं तर सुटी बुडाली म्हणायची का? (शिक्षक, जि. सोलापूर)

नाही. दीर्घ सुटीत सरकारी आदेशाने काम केलं तर त्या प्रमाणात अर्जित रजा मिळते. 2027 च्या जनगणनेत घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर 2026 मधला आणि प्रत्यक्ष गणना फेब्रुवारी 2027 ची, म्हणजे सुटीचा प्रश्न घरयादीपुरताच. आदेशाची प्रत आणि तारखांसह काम केल्याचं प्रमाणपत्र जूनमध्येच कार्यालयात द्या आणि सेवापुस्तकात नोंद झाल्याचं डोळ्यांनी पाहून या. मानधन मिळालं म्हणून रजा नाही, असं कोणी म्हणालं तर ते लेखी मागा.