पाकीट उलटं करून वाचा: पांढऱ्या केसांची प्रश्नोत्तरे

लग्नसराई जवळ आली की आमच्या सलूनच्या खुर्चीवर बसणाऱ्यांचे आणि पत्र पाठवणाऱ्यांचे प्रश्न एकाच दिशेला वळतात. या वेळी पांढऱ्या केसांवरचेच इतके आले की बाकीचे पुढच्या खेपेला ठेवलेत.

मी केमिकलचा डाय कधीच लावत नाही. गेली काही वर्षं फक्त काळी मेंदी लावते. हल्ली लावल्यावर केसांच्या कडेने खाज सुटते आणि कपाळाचा वरचा भाग काळपट पडलाय. मेंदीने असं होतं का?
(गृहिणी, नाशिक)

ताई, हे मेंदीचं काम नव्हे, तिच्या आधी लागलेल्या ‘काळी’चं आहे. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते केसातल्या केराटिन या प्रथिनाला धरून बसतं आणि त्याचा रंग नारिंगी-तांबडाच असतो. नुसत्या मेंदीने पांढरा केस काळा होत नाही. त्यामुळे अर्ध्या तासात डोकं कुळकुळीत काळं करणारं पाकीट हातात आलं, तर ते उलटं करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. पुढे हिरवं पान, आवळा, शिकेकाई यांची चित्रं असतील. मागे बहुतेक वेळा पॅराफेनिलिनडायमिन, म्हणजे पीपीडी, लिहिलेलं सापडेल. कलपाच्या बाटलीत असतं तेच हे.

‘इतकी वर्षं काही झालं नाही, आताच कसं?’ हा प्रश्न हमखास येतो. ॲलर्जी अशीच येते. शरीर वर्षानुवर्षं सोसतं आणि एके दिवशी सोसायचं थांबवतं. मग दर वेळी त्रास वाढतच जातो. दुसरं म्हणजे, पीपीडीमुळे फारशी खाज न येताही कपाळ आणि कानांपुढची त्वचा हळूहळू काळवंडू शकते. बायका त्याला वांग समजतात, उन्हाला दोष देतात, महागडी क्रीमं चोपडत राहतात आणि दर महिन्याला पाकीटही भिजवतात.

काळी मेंदी आजपासून बंद. ‘या वेळी थोडीच लावते’ असंही नको. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि जाताना ते पाकीट सोबत न्या. ते पाठीवर पट्ट्या लावून पॅच टेस्ट करतात, त्यातून नेमकं काय सोसत नाही ते कळतं. तोवर ‘अमोनिया-फ्री’ रंगाकडेही वळू नका. त्यात अमोनिया नसेल, पीपीडी असू शकतं; अमोनिया आणि ॲलर्जी यांचा तसा संबंध नाही. आणि कधी डोळे-चेहरा सुजला किंवा श्वास जड झाला तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

शुद्ध मेंदी लावते, पण पांढरे केस गाजरासारखे दिसतात. लोखंडी कढईत भिजवली, चहाचं पाणी घातलं, कात घातला. काळे नाही तरी तपकिरी होतील असं काही घरी करता येईल?
(शिक्षिका, इंदूर)

कढई, कात आणि चहा यांनी रंग थोडा गडद होतो, पण पांढऱ्या केसावर तो तपकिरीच्या अलीकडेच थांबतो. तुम्हाला हवी आहे निळीची पूड, म्हणजे निळीच्या झाडाच्या पानांची. बाजारात ती ‘इंडिगो पावडर’ म्हणून मिळते. कपड्यांची नीळ नव्हे. हे मुद्दाम लिहिते, कारण एकदोघींनी मला तसं विचारलंय.

आधी नेहमीसारखी मेंदी लावा, दोन-तीन तास ठेवा, नुसत्या पाण्याने स्वच्छ धुवा. केस ओलसर असतानाच निळीची पूड कोमट पाण्यात दह्याइतकी दाट कालवा. मेंदी रात्रभर भिजते, नीळ नाही. दहा-पंधरा मिनिटांत तिचा हिरवा लगदा वरून निळसर दिसू लागला की लगेच लावायची. तासाभराने ती मेलेली असते. लिंबू, दही तिच्यात घालू नका, चिमूटभर मीठ चालतं. डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी घाला, म्हणजे लगदा वाळत नाही. अर्ध्या-पाऊण तासात धुतली तर तपकिरी, दीड-दोन तास ठेवली तर काळ्याच्या जवळचा रंग येतो. धुतल्यावर केस हिरवट वाटले तर घाबरू नका. हवा लागून एक-दोन दिवसांत रंग खोल होतो. तोवर शाम्पू नको.

मेंदी न लावता पांढऱ्या केसावर नुसती नीळ लावली तर निळसर-हिरवट छटा येते. खालचा तांबडा थर लागतोच. शिवाय पाकिटावर घटक म्हणून फक्त पानांची पूड लिहिलेली हवी.

एक सूचना. पुढे कधी सलूनमध्ये केस उजळवायचे ठरवलंत तर मेंदी आणि नीळ लावल्याचं आधीच सांगा. नीळ बसलेला केस ब्लीच केला की हिरवा पडू शकतो. काही मिश्र मेंद्यांत धातूंचे क्षार असतात. त्यांना ब्लीचमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड लागलं की केस तापतो, तुटतोही. आम्ही चार केस कापून आधी त्यावर करून पाहतो, पण तुम्ही लपवलंत तर आम्ही पाहणार तरी कशाला?

दर महिन्याला सलूनमध्ये कलर करते. कानशिलांवर रंग धरतच नाही, पंधरा दिवसांत पांढरं दिसतं. उलट टोकं मात्र काळीठिक्कर आणि गवतासारखी कोरडी झालीत.
(बँक कर्मचारी, ठाणे)

दोन्ही तक्रारींची मुळं लावण्याच्या पद्धतीत आहेत. तुमच्याकडे दर महिन्याला मुळापासून टोकापर्यंत रंग फिरवला जात असावा. केस महिन्याला सेंटिमीटरभरच वाढतो, म्हणजे नवा रंग तेवढ्याच पट्टीला हवा. जुन्या रंगावर रंगाचे थर चढले की टोकं काळी आणि निर्जीव होतात. खुर्चीत बसल्यावर सरळ सांगा: ‘फक्त रूट टच-अप करा. लांबी फिकी वाटली तर शेवटची पाच मिनिटं खाली ओढा.’

कानशिलांवरचा पांढरा केस बरेचदा राठ असतो, रंग आत शिरू देत नाही. म्हणून सुरुवात तिथून करायची, थर जाड द्यायचा आणि वेळ पूर्ण द्यायचा. डेव्हलपर, म्हणजे रंगात मिसळायचं पेरॉक्साइडचं द्रावण, २० व्हॉल्यूमचा (६ टक्के पेरॉक्साइडचा) हवा. १० व्हॉल्यूमने राठ पांढरा केस नीट झाकला जात नाही, आणि ४० घेतला म्हणून जास्त झाकला जातो असंही नाही. तो केस उजळवायला असतो. शेड कार्डवर ४.३ किंवा ५.६ असे आकडे दिसतात. टिंबाआधीचा आकडा गडदपणा सांगतो, नंतरचा छटा. नुसती सोनेरी किंवा लालसर छटा पांढऱ्यावर पारदर्शक बसते, म्हणून तिच्यात त्याच गडदपणाची ‘नॅचरल’ शेड निम्मी मिसळायला सांगा. आणि घड्याळ बघा. पाकिटावर ३५ मिनिटं लिहिलेली असताना गर्दीच्या रविवारी विसाव्या मिनिटाला बेसिनकडे नेत असतील, तर कानशिलं पांढरी राहणारच. शक्य असेल तर मंगळवारी-बुधवारी जा.

वीस वर्षं काळा रंग लावतेय, आता सोडायचाय. मे महिन्यात मुलीचं लग्न आहे. तोवर डोकं अर्धं पांढरं, अर्धं काळं दिसेल याची भीती वाटते. जाऊबाई म्हणतात, ‘लग्नानंतर काय ते करा.’
(वाचक, कोल्हापूर)

या वेळी मी जाऊबाईंच्या बाजूने. सहा महिन्यांत सहा-सात सेंटिमीटर पांढरं येईल आणि फोटोत नेमकी तीच रेघ दिसेल. लग्नापर्यंत धीर धरवत नसेल तर एक मधला रस्ता आहे: सरसकट रंग बंद करा आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना बारीक हायलाइट्स करून घ्या, म्हणजे बारीक बटा तेवढ्या उजळवून घ्या. पांढऱ्याची सरळ रेघ मोडते. मात्र वीस वर्षांचा काळा थर एका बैठकीत उतरत नाही. आधी नारिंगी दिसतो, दोन-तीन बैठका लागतात, खर्चही बराच येतो. नव्या रंगाने जुना रंग फिका होत नाही, हे ध्यानात ठेवा.

लग्न झालं की केस खांद्यापर्यंत कापा. निम्मं काम कात्रीच करते. मुळांवरचं पांढरं चार तास झाकायचं असेल तर रूट टच-अप पावडर मिळते, धुतली की जाते. पुढे पांढरे केस पिवळट दिसू लागले तर आठवड्यातून एकदा जांभळा शाम्पू पुरे. रोज लावलात तर जांभळट झाक येते.

वय २१. पुढचे केस पांढरे झालेत. आई म्हणते, उपटू नकोस, एकाचे दहा होतील.
(विद्यार्थी, लातूर)

दहा होत नाहीत. एका मुळातून एकच केस येतो आणि तो पुन्हा पांढराच येतो. पण उपटू नकोसच. सारखं उपटून मूळ दुखावतं आणि तिथे टक्कल पडू शकतं. वडील किंवा मामा यांचे केस लवकर पिकले होते का ते विचार, बहुतेकांचं कारण तिथेच निघतं. तरी डॉक्टरांना विचारून बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन एकदा तपासून घे. बी-१२ची कमतरता निघाली तर उपचारांनी काहींचे केस पुन्हा काळे होतात. सिगारेट ओढत असशील तर ती सोड, अकाली पिकण्याशी तिचा संबंध आढळलाय. आवळ्याचं तेल डोक्याला चोळून पांढरा केस काळा झालेला मी तरी पाहिला नाही.

डोक्याचाच कलप मिशीला आणि भुवयांना लावला तर चालेल का?
(निवृत्त, सोलापूर)

भुवयांना अजिबात नको. पीपीडीच्या कलपाच्या पाकिटावर इशारा छापलेला असतो: भुवया-पापण्यांना लावू नये, दृष्टी जाऊ शकते. मिशीसाठी दाढी-मिशीचा वेगळा रंग मिळतो, तो वापरा. आधी कानामागे थेंबभर लावून ४८ तास वाट पाहा, आधी कधी त्रास झाला नसला तरी. ओठांना आणि आजूबाजूला व्हॅसलीन लावून घ्या, वेळ पाकिटावर लिहिलाय तेवढाच. आणि उरलेला कलप वाटीत तसाच ठेवू नका, पाकिटंही नातवंडांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा. पोटात गेला तर तो जिवावर बेततो.