अहवाल ‘फुटला’ की उजेडात आला?

एका वाचकांनी विचारले आहे की, २०१९ सालच्या बेरोजगारीच्या आकडेवारीसंबंधी वाचताना ‘सरकारी अहवाल फुटला’ असे वाक्य आढळले, तर ‘लीक झाला’ या अर्थी हा प्रयोग शुद्ध मानावा काय.

व्याकरणात काहीही वावगे नाही. हरकत आहे ती अर्थाला, आणि हा प्रयोग ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. परीक्षेचा पेपर फुटतो, कारण ठरलेल्या घटकेपर्यंत तो कोणाच्याही दृष्टीस न पडणे यातच त्याचे सार्थक असते. राष्ट्रीय नमुना पाहणी कार्यालयाचा २०१७-१८चा श्रमशक्तीविषयक अहवाल तसा नव्हता. राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाने त्याला डिसेंबर २०१८मध्येच मान्यता दिली होती. तरीही तो बाहेर येईना, तेव्हा आयोगाचे प्रभारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी जानेवारीअखेर राजीनामे दिले, ज्यांचे हा विलंब हे एक कारण होते, आणि लगोलग ३१ जानेवारीला ‘बिझनेस स्टँडर्ड’ने त्यातील बेरोजगारीचा दर छापला : ६.१ टक्के, पंचेचाळीस वर्षांतला सर्वाधिक. हे छापणाऱ्या पत्रकाराला पेपरफुटीच्या टोळीत बसवायचे काय?

आता ‘अहवाल’. ‘वृत्तांत, हकीकत’ एवढा अर्थ सांगून मोकळे झाले की गंमत तिथेच हरवते. अरबीत ‘अहवाल’ हे ‘हाल’ या शब्दाचे अनेकवचन आहे. हाल म्हणजे स्थिती; मराठीत येऊन ती स्थिती इतकी बिघडली की आपल्याकडे हाल फक्त ‘होतात’, तेही वाईटच. ज्या साच्यातून ‘खबर’चे ‘अखबार’ झाले त्याच साच्यातून ‘हाल’चे ‘अहवाल’ झाले, म्हणजे वर्तमानपत्र आणि अहवाल ही एकाच मुशीतली भावंडे आहेत. मूळ धातूचा अर्थ बदलणे, एकीकडून दुसरीकडे जाणे असा असून ‘हवाला’, ‘हवाली’ आणि ‘हवालदार’ हे त्याच कुळातले शब्द होत. माझे तर मत असे आहे की मराठी कारकुनाने ‘अहवाल’ पत्करला तेव्हा त्याच्या कानात ‘हवाली करणे’ घुमत असले पाहिजे : ज्याचे हाल लिहिले त्याच्या हवाली होतो तो अहवाल, कपाटात राहतो तो नुसता कागद. काटेकोर व्युत्पत्तिकार याला लोकव्युत्पत्ती म्हणून झिडकारतील, खुशाल झिडकारोत. अहवालाऐवजी ‘प्रतिवेदन’ लिहा म्हणणाऱ्या शुद्धिवाद्यांपेक्षा मी बरा, कारण त्यांच्या शब्दात कोणाचे हालच उरत नाहीत, उरते ते वरिष्ठांपुढे हात जोडून केलेले निवेदन.

बातमी छापून आल्यावर नीती आयोगाने हा केवळ मसुदा असल्याचे सांगितले होते. ‘मसुदा’ही अरबीच, आणि त्याचा शब्दशः अर्थ ‘काळे केलेले’, म्हणजे खाडाखोडीने काळा झालेला कागद. निवडणुकीचे निकाल लागल्यावर, ३१ मे २०१९ रोजी, सरकारने स्वतःच तो अहवाल प्रसिद्ध केला तेव्हा त्यातही दर ६.१ टक्केच होता. निदान त्या आकड्यावर तरी काट मारावी लागली नव्हती. २०१७-१८च्याच उपभोग खर्चाच्या पाहणीच्या वाट्याला एवढेही आले नाही. नोव्हेंबर २०१९मध्ये तिचे आकडे त्याच वृत्तपत्राने छापले, आणि सरकारने आकडेवारीच्या दर्जावर बोट ठेवून तो अहवाल प्रसिद्ध न करण्याचे जाहीर केले.

राहता राहिला ‘लीक’. लीक नळ होतो. अहवालाच्या बाबतीत ‘उजेडात आणला’ असे लिहावे, कारण ‘फुटला’ हे क्रियापद अकर्मक असल्याने त्यात कागद आपोआप फुटल्यासारखा वाटतो. ‘उजेडात आणला’ म्हटले की कोणी आणला हे सांगावे लागते, आणि तोवर तो अंधारात कोणी ठेवला होता, हेही कोणीतरी विचारतेच.